तुझी गाडी, माझं मत

ताई, तुझी तेरवी होऊन आठवडा झाला. पाहुणे आपापल्या गावी गेले आणि लोकांचं लक्ष खाली पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या तुझ्या गाडीकडे वळलं. आतापर्यंत चौघांनी विचारलं, "आता हिचं काय करता?" एकानं तर भंगारवाल्याचा नंबरच चिठ्ठीवर लिहून आणून दिला. मी ती चिठ्ठी त्याच्यासमोर फाडली. बिचारा मदत करायला आला होता. पण तू गेल्यापासून मी रडतो कमी आणि भांडतो जास्त. सगळे म्हणतात, तुला हे आवडलं नसतं. तुला हे भलतंच आवडलं असतं, एवढं मी पैजेवर सांगतो.

लोक तुझ्याविषयी फार चांगलं बोलून गेले. तुझ्या शाळेतल्या मुली आल्या होत्या, आता त्यांच्याच मुली दहावीला आहेत. "बाईंनी आमची विजेची भीती घालवली," असं एक म्हणाली. मी मान डोलावली. तुझी नोकरी, तुझे विद्यार्थी, तुझा स्वभाव, हे सगळं लिहायला ते समर्थ आहेत. मला लिहायचं आहे ते सहा वर्षं माझ्या घशात अडकलेलं. तू असताना बोललो नाही, आणि आता तू मध्येच तोडून उत्तर देणार नाहीस, तर बोलायची सोय झाली. हा माझा भित्रेपणा आहे. असू दे.

एकाच बिल्डिंगमध्ये, नागपूरच्या धरमपेठेत, तू आईला घेऊन तिसऱ्या मजल्यावर आणि मी पहिल्यावर. सदरमध्ये माझं गॅरेज. पेट्रोल आणि डिझेलच्या वासात माझं आयुष्य गेलं. आणि तू, माझी सख्खी मोठी बहीण, रिटायर झाल्यावर पहिलं काम काय केलंस, तर जुन्या बाजारातून ती दोन दारांची, डबीएवढी इलेक्ट्रिक गाडी घेऊन आलीस. मला न विचारता. मी बोनेट उघडलं तर आत स्टेपनी!

"इंजिन कुठं आहे वं ताई?"

"नाहीच आहे."

"मंग मी दुरुस्त काय करू?"

"म्हणूनच तर घेतली गा."

सदरच्या सगळ्या गॅरेजवाल्यांत माझी मस्करी झाली. हलवायाच्या बहिणीनं साखर सोडावी, तसं झालं. आवाज नाही, धूर नाही, गिअर नाही. तू आलीस हे कळायचं नाही. मागं वळून पाहावं तर तू उभी. लहानपणीही तू अशीच यायचीस, मी आंबे चोरताना.

तुला चिडवायला गेलं की तू इतिहास काढायचीस. आणि तुझा इतिहास मला तोंडपाठ झाला आहे, हे तुला कधी कबूल केलं नाही. विजेची गाडी ही काही नवी टूम नाही, तू सांगायचीस. शंभर वर्षांपूर्वी परदेशातल्या मोठ्या शहरांत पेट्रोलच्या, वाफेच्या आणि विजेच्या गाड्या एकाच रस्त्यावर धावत होत्या, आणि त्यातली सभ्य गाडी विजेची होती. पेट्रोलच्या गाडीला समोरून लोखंडी हँडल घालून फिरवावं लागायचं. ते उलटं फिरलं की मनगट मोडायचं. बायका विजेच्या गाडीत बसून बटण दाबून निघून जायच्या. मग कोणीतरी पेट्रोलच्या इंजिनाला सेल्फ स्टार्टर लावला, पेट्रोल स्वस्त झालं, आणि विजेची गाडी मागं पडली.

"आता तो स्टार्टर म्हंजे काय, ते सांग," तू माझ्या मिस्त्र्यांसमोर मला विचारायचीस, शाळेतल्या पोराला विचारावं तसं.

"मोटर."

"कशावर चालते?"

"बॅटरीवर. माहीत आहे वं, जाऊ दे ना."

"म्हंजे तुझ्या इंजिनाले रोज सकाळी हात धरून उठवते कोण? हरवलं बी मोटरनं, आणि हरली बी मोटरच. घरभेदी झाला ना गा."

मी आयुष्यात किती स्टार्टर खोलले असतील, देव जाणे. तू हे सांगितल्यापासून एकही स्टार्टर हातात घेताना मला तुझा आवाज ऐकू आल्याशिवाय राहिला नाही. परवा एक खोलला. तेव्हाही आला. मी तो तसाच टेबलावर ठेवला आणि बाहेर जाऊन चहा प्यायलो.

आता त्या पोळ्याचं सांगतो. हे काल दुपारपर्यंत आपल्या दोघांशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

आई गावाकडची. दाराशी बैल नाही, शेत वाटणीत गेलं, तरी पोळा तिच्या अंगातून गेला नव्हता. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे लोणी आणि हळद लावून चोळतात, वर्षभर जू ओढून दुखलेले असतात म्हणून, आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात. त्या संध्याकाळी तू सीट उचलून बॅटऱ्यांची तोंडं साफ करत बसली होतीस. वायरींच्या पकडी काढून ठेवलेल्या. आई वाटी घेऊन खाली आली.

"बैल नाही तर नाही, दाराशी काही तरी उभं आहे ना," ती म्हणाली. "त्याले बी आवतण द्या लागते. याचे खांदे कुठसे आहेत वं?"

तू हसत बॅटऱ्यांवरच्या शिशाच्या बोंडांकडे बोट दाखवलंस. "सारं ओझं यायच्यावरच येते आई." एवढं बोलून तू डिस्टिल्ड वॉटरची बाटली आणायला वर गेलीस. भौतिकशास्त्राची बाई, आणि आईसमोर मस्करी करू नये एवढं तुला कळलं नाही. आईनं एकेका बोंडाला मनापासून लोणी-हळद चोळली. "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या," म्हणाली आणि वर निघून गेली. अंधारून आलं होतं. तू आलीस, पाणी भरलंस, पकडी आवळल्यास, सीट खाली केलीस.

दुसऱ्या दिवशी पोळा, म्हणून गाडीला सुट्टी. तिच्यावर झूल काय, गळ्यात हार काय, पुरणपोळीचा नैवेद्य काय. तिसऱ्या दिवशी सकाळी तू गाडी काढलीस. गेटच्या चढावर जोर आला आणि सीटखालून धूर निघाला. सगळी बिल्डिंग गॅलरीत. शहरात त्याच दिवशी मारबत निघते, गावाची सगळी पीडा घेऊन जाणारा तो भलामोठा पुतळा मिरवून जाळतात. आपले सेक्रेटरी वरून ओरडले, "ही पाहा आपल्या सोसायटीची मारबत!" लोक हसले. मी धावत गेलो, मेन स्विच ओढला, सीट उचलली. आग नव्हती. पकडीखाली लोणी राहिल्यानं तिथं सांधा नीट बसला नव्हता. जोर आल्यावर तो तापला आणि लोणी कढलं. संपूर्ण पार्किंगमध्ये साजूक तुपाचा घमघमाट सुटला होता.

तू पाहिलंस, मी पाहिलं. वर तिसऱ्या मजल्यावर आई कठड्याला धरून उभी होती, चेहरा पांढराफटक.

"कोणाले सांगू नको गा," तू हळूच म्हणालीस. "तिले वाटन, आपल्यानं झालं."

मी गरम पाण्यानं आणि सोड्यानं सगळं पुसून काढलं. पाच मिनिटांचं काम. गाडी ठणठणीत.

पुढच्या रविवारी सोसायटीची मीटिंग. पार्किंगमध्ये चार्जिंगचा पॉइंट मिळावा असा तुझा अर्ज. त्याआधी तू तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडायचीस, भाजीवाल्यासाठी टोपली सोडावी तशी, आणि ते मलाच पाहवत नव्हतं. सेक्रेटरी माझ्याकडे वळले. "भाऊ, तुम्ही गाड्यांतले. तुमचं मत काय?"

आणि मी उभा राहून म्हणालो, "या बॅटऱ्यांचा भरवसा नाही. धूर तर सगळ्यांनी पाहिलाच. पार्किंगमध्ये पॉइंट देऊ नये."

तू समोर बसली होतीस. आईचं नाव घेतल्याशिवाय तुला माझं बोलणं खोडता येत नव्हतं. हे मला माहीत होतं, ताई. माहीत होतं म्हणूनच मी बोललो. तुझ्या काळजीपोटी बोललो असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. त्या वर्षी माझ्याकडे येणाऱ्या गाड्या कमी झाल्या होत्या, घरात मी एकटा पडलो होतो, पोरगं दूर नोकरीला गेलं होतं, आणि माझी बहीण माझ्या डोळ्यांदेखत इंजिनाशिवाय मजेत फिरत होती. मला एकदा, फक्त एकदा, तुला हरलेलं पाहायचं होतं. दुसऱ्या दिवशी पॉइंट मिळणार नसल्याचं कळलं. पाहिलं. त्याची चव कशी होती ते विचारू नकोस.

तिसऱ्या दिवशी तू गाडी घेऊन थेट सदरला. खांद्यावर वायरचं भेंडोळं.

"पॉइंट कुठं आहे गा?"

"इथं? गॅरेजवर?"

"मंग काय शेजाऱ्याच्या घरी लावू? भाऊ कायले असते?"

माझ्या जुन्या मिस्त्र्यानं, रफीकभाईंनी, कूलरमागचा मोठा पॉइंट दाखवला. त्या दिवसापासून हप्त्यातून दोनदा, सहा वर्षं. शिशाच्या बॅटऱ्या, भरायला अख्खा दिवस लागायचा. तू कूलरसमोर खुर्ची टाकून पेपर वाचायचीस, तर्रीपोहे मागवायचीस, आणि माझ्याच माणसांना माझ्याविरुद्ध फितवायचीस. आई गेली, तरी येत राहिलीस. बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या, गाडीची धाव कमी कमी होत गेली. शेवटी तर धरमपेठ ते सदर आणि परत, एवढंच तिला जमायचं. चार्जिंगला येण्यासाठी चार्जिंग करायचीस. मी हसायचो. माझ्या डोक्यात तेव्हाही प्रकाश पडला नाही.

तिथं आपण किती भांडलो! मी म्हणायचो, तुझी वीज येते कुठून? कोराडीच्या वीजघराच्या चिमण्यांकडे पाहा, कोळसा जळतो. तुझा धूर दुसऱ्याच्या नाकात, एवढाच फरक. तू म्हणायचीस, "आणि तुझं पेट्रोल झाडावरून तोडून आणते का? कोळशाची वीज उद्या उन्हाची करता येते. तुझ्या टाकीतलं पेट्रोल उद्या बी पेट्रोलच. आणि उन्हाची नागपूरले कमी आहे का? मे महिन्यात सारे त्याले शिव्या देतात. अरे, तो तर डोक्यावर उभा असलेला पंप आहे."

"मे महिन्यात तुझी बॅटरी माझ्या आधी गचकते, त्याचं काय?"

"गचकते. ते खरं आहे." कधी कधी तू अशी एकदम मान्य करायचीस आणि मला पुढं बोलायला जागाच ठेवायची नाहीस. "म्हणून तर नव्या शोधून राहिले. मिठातल्या सोडियमच्या येतीन. गाडीतून काढलेल्या जुन्या, घरातले दिवे लावतीन. मी पाहीन का नाही, ते माहीत नाही."

एकदा रफीकभाईंनी पाना खाली ठेवून विचारलं, "मॅडम, तुमची गाडी जिंकली तर आमचं का होईन? इंजिनात हजार भानगडी असतात, त्याच्यावर आमचं पोट. तुमच्या मोटरमंदी पार्टच कितीसे?"

तू हातातला पेपर घडी करून बाजूला ठेवलास. मग म्हणालीस, "खरं सांगू का रफीकभाई, काही जणाईचं काम जाईन. मी खोटं नाही बोलणार. पण तुम्ही शिकले तर तुमचं नाही जाणार. मी शिकवीन." आणि दुसऱ्या खेपेला वही घेऊन आलीस. व्होल्ट, अँपिअर, कंट्रोलर. साठीला टेकलेला माणूस तुझ्यासमोर पाटावर बसून शिकला. आज सदरमध्ये ई-रिक्षा बिघडली की रफीकभाईंकडे आणतात. माझ्याकडे नाही. मी तुझ्या वहीला हात लावला नव्हता ना!

कोळशाचा वाद मी सोडलेला नाही. आणि त्या बॅटऱ्यांसाठी कोणाची तरी जमीन खणली जाते, तोही सोडलेला नाही. तू मेलीस म्हणून तुझं सगळं बरोबर, असा हिशेब माझ्याकडे चालत नाही. पण आता सकाळी रस्त्यानं पाहतो तर डिलिव्हरीची पोरं, कॉलेजच्या मुली, बस, सगळं आवाज न करता जाऊन राहिलं आहे, आणि हे सगळे तुझ्या बाजूचे आहेत असं वाटून मला राग येतो. तू एकटी होतीस तेव्हा हे कुठं होते?

काल रविवारी पुन्हा मीटिंग झाली. तीच पार्किंगची जागा, त्याच प्लास्टिकच्या खुर्च्या, तेच सेक्रेटरी. दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहणारी शीतल नावाची नर्स आहे, तुझ्या औषधांच्या वेळा तीच सांभाळायची. तिनं इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. ड्यूटीवरून थकून येते आणि गाडी भरायला दोन चौक पलीकडे जाऊन ताटकळत बसते. तिनं पॉइंट मागितला. सेक्रेटरींनी जुनं रजिस्टर उघडलं आणि वाचलं, "तज्ज्ञांच्या मते अशा गाड्यांच्या बॅटऱ्या धोकादायक आहेत." मग मान वर करून म्हणाले, "तज्ज्ञ इथंच बसले आहेत. भाऊ, तुम्हीच समजावून सांगा हिले."

मी उभा राहिलो.

"ते मत खोटं होतं," मी म्हणालो. "बॅटरीत दोष नव्हता. माझ्या आईनं त्या गाडीले बैल समजून तिचे खांदे लोण्यानं चोळले होते. धूर लोण्याचा होता. मले तेव्हाच माहीत होतं."

आणि जो हशा पिकला! मला वाटलं होतं, आईवर हसतील ही लाज मला सोसणार नाही. पण तिथं उभं असताना लाज कुठं गेली कोण जाणे. मी म्हणालो, "हसा. पण अख्ख्या नागपुरात त्या गाडीचा मान केला तो एका न शिकलेल्या बाईनं. तुम्ही तिले मारबत म्हटलं, मी धोकादायक म्हटलं. तिनं जेवाले बोलावलं." मग कोणी हसलं नाही. आपण दोघांनी इतकी वर्षं आईला कशापासून वाचवलं, ताई? लपवण्यासारखं तिनं काही केलंच नव्हतं.

"पण सहा वर्षं काहून गप्प बसले भाऊ?" सेक्रेटरींनी विचारलं.

याचं उत्तर मी ठरवून नेलं नव्हतं. तोंडातून आलं ते असं. "कारण ताई हप्त्यातून दोनदा गॅरेजवर येत होती. खरं सांगितलं असतं, तर घरीच चार्ज केली असती. मंग कायले आली असती?"

शीतलला पॉइंट मंजूर झाला. तुझ्या गाडीलाही, माझ्या अर्जावर. दोघं जण विरोधात होते, त्यांना मी रफीकभाईंकडे शिकवणीला पाठवणार आहे. तुझी गाडी भंगारात जाणार नाही. रफीकभाई नव्या बॅटऱ्या बसवणार आणि मी त्यांच्या हाताखाली पाना धरणार, या वयात. वर कागद कमी पडले तर आरटीओत जाऊन भांडेन.

लोक उठले, खुर्च्या आवरायला लागले, तेव्हा सेक्रेटरींनी मला बाजूला बोलावलं. रजिस्टरच्या मागच्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. "तुमच्या ताईंनी दाखवू नका म्हटलं होतं. पण आता तुम्ही एवढं बोलले, तर पाहून घ्या. आम्ही त्या टायमाले पॉइंट देणारच होतो. तुमच्या मतानंतर बी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हे देऊन गेल्या."

तुझं अक्षर. फळ्यावरचं, सरळ, प्रत्येक काना उभा.

"मी माझा अर्ज मागे घेत आहे. माझ्या धाकट्या भावाचे मत ग्राह्य धरावे. गाड्यांमधले त्याला माझ्यापेक्षा जास्त कळते."

मी ते उभ्या उभ्या तीनदा वाचलं. ताई, तू माझ्याशी आयुष्यात एकही वाद हरली नाहीस. पतंगाच्या मांज्यापासून कोळशापर्यंत एकही नाही. आणि हरलीस ती माझ्या खोट्यापुढं, लेखी, सही करून. का, तर पार्किंगमध्ये तीस लोकांसमोर तुझा भाऊ खोटा पडू नये. आणि तो गॅरेजमध्ये एकटा बसू नये. सहा वर्षं माझ्या कूलरसमोर बसलीस आणि एका शब्दानं बोलली नाहीस. मला वाटत राहिलं, मी तुला माझ्या दारात यायला लावलं. तू आपल्या पायांनी आली होतीस. असं कोणी करतं का? हा कुठला न्याय? मी माफी मागितली नव्हती. माझ्या पाठीमागं मला परस्पर माफ करायचा अधिकार तुला कोणी दिला?

माझे डोळे भरले होते आणि मला भयंकर राग आला होता. मी खिशातला पेन काढला, तुझ्या सहीखाली मोठ्या अक्षरांत "अमान्य" लिहिलं आणि माझी सही केली.

"अहो भाऊ," सेक्रेटरी गडबडले, "गेलेल्या माणसाच्या अर्जावर असं लिहिता येत नाही."

"मले येते," मी म्हणालो.